लाकडी शिपाई, गुलाबी ससा आणि रुमालावरची पूड

पुस्तक केवढं असावं? लाकडी शिपायाला हातात धरून वाचता येईल एवढं!

ही कल्पना चार भावंडांची. इंग्लंडच्या यॉर्कशर भागात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथले पाद्री पॅट्रिक ब्राँटे जून १८२६ मध्ये लीड्सहून परतले ते मुलासाठी बारा लाकडी शिपाई घेऊन. सकाळी ब्रॅनवेलने बहिणींना पेटी दाखवली मात्र, शार्लटने त्यातला सगळ्यात देखणा गडी उचलला आणि जाहीर केलं, हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन! ब्रॅनवेलने लगेच आपल्या शिपायाला बोनापार्ट करून टाकलं. मग या बारा जणांसाठी राज्यं वसली, लढाया झाल्या. आणि राज्य म्हटल्यावर मासिक नको का? तेही निघालं. शिपायांच्या मापाचं.

त्या मासिकाचा १८३० मधला एक अंक डोळ्यांपुढे आणा. आकार ६१ बाय ३५ मिलिमीटर, म्हणजे जवळपास काडेपेटीएवढा. पानं वीस. अक्षरं छापल्यासारखी सुटी आणि इतकी बारीक की भिंगाशिवाय वाचणं कठीण. तेवढ्या जागेत शब्द चार हजारांहून जास्त! हे अक्षर काढणारी शार्लट तेव्हा चौदा वर्षांची होती. हा अंक २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ६ लाख युरोंची बोली लावून मिळवला आणि हॉवर्थच्या त्याच घरी, आताच्या संग्रहालयात, परत आणला. शार्लटने पुढे 'जेन एअर' लिहिली, एमिलीने 'वुदरिंग हाइट्स'. दोघींचा हात वळला तो मात्र लुटुपुटूच्या लढाया लिहिता लिहिता.

आणि हा वेलिंग्टन आपल्याला चांगला ठाऊक असलेला गडी आहे. मूळचा आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला तो हाच. उतारवयात त्याला कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यांत चांगली लढाई कोणती? त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. हॉवर्थच्या त्या खोलीत शार्लटच्या मुठीत आपल्या जालन्याचाही एक तुकडा होता म्हणा ना!

मराठ्यांची लढाई, इंग्रज पोरांसाठी

जी. ए. हेंटी हे नाव आज आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रज मुलांसाठी तो युद्धकथांचा बादशहा होता. हाडाचा युद्धवार्ताहर. रात्रीच्या जेवणानंतर स्वतःच्या मुलांना गोष्टी सांगता सांगता लेखक झाला. पुस्तक हाताने लिहीत बसायचा नाही. तो बोलत जायचा आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. अशी शंभरावर पुस्तकं झाली. त्यातलं एक 'ॲट द पॉइंट ऑफ द बेयोनेट', १९०० च्या आसपासचं, आणि विषय चक्क मराठ्यांचं युद्ध! नायक इंग्रज पोरगा. आईबापांविना उरलेल्या त्या पोराला मराठा आया वाचवते आणि आपल्यातलाच म्हणून वाढवते. गोष्टीचा कल अर्थातच कंपनी सरकारकडे. तरी मला त्या पुस्तकात सगळ्यांत लक्षात राहते ती आयाच. लढाया नायक जिंकतो, पण ती नसती तर त्याची गोष्ट पहिल्याच प्रकरणात संपली असती.

व्हिस्कीचं झालं लिंबू सरबत

बिगल्स! जुन्या वाचनालयांत ज्यांच्या सुट्या गेल्या त्यांना हे नाव पुरे आहे. पहिल्या महायुद्धातला हा वैमानिक १९३२ मध्ये कागदावर उतरला आणि जवळपास शंभर पुस्तकं उडत राहिला. गंमत म्हणजे त्याचा जन्म लेखकाने भारतातला दाखवला आहे. बाप इथे सनदी नोकर. लेखक डब्ल्यू. ई. जॉन्स स्वतः वैमानिक होता आणि सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचं विमान पाडून जर्मनांनी त्याला कैदही केलं होतं. पुस्तकावर तो स्वतःला 'कॅप्टन' म्हणवून घ्यायचा. हवाई दलातला त्याचा खरा हुद्दा फ्लाइंग ऑफिसरचा.

सुरुवातीच्या एका गोष्टीत दोन तुकड्यांची पैज लागते ती व्हिस्कीच्या खोक्यावर. पुढच्या आवृत्त्या शाळकरी मुलांसाठी निघाल्या तेव्हा खोकं तेच राहिलं, आतल्या बाटल्या लिंबू सरबताच्या झाल्या!

दुसऱ्या महायुद्धात मुलींनी हवाई दलाच्या महिला शाखेत यावं म्हणून सरकारने जॉन्सलाच साकडं घातलं आणि त्यातून वॉरल्स ही वैमानिक नायिका जन्मली. हाच जॉन्स १९२२ मध्ये हवाई दलाच्या भरती कचेरीत बसायचा. एक दिवस खोट्या नावाने एक माणूस भरतीला आला. जॉन्सला संशय आला, त्याने त्याला परत पाठवलं. तो होता 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'! वरून हुकूम आला आणि मग त्याला घ्यावंच लागलं.

अंगणातलं युद्ध

एच. जी. वेल्स म्हणजे 'टाइम मशीन'वाला. त्याने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं: खेळण्यातल्या शिपायांनी जमिनीवर लढाई कशी लढायची याचे नियम. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी खुंटी सोडायची, जो शिपाई आडवा होईल तो गेला. वेल्सचं म्हणणं असं की खऱ्या युद्धापेक्षा हे किती तरी बरं. ज्यांना हौस आहे त्यांनी इथे फेडून घ्यावी. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

दिवाळीत आपल्याकडे पोरं हेच करतात, फक्त नियमावली न छापता. दगड-मातीचा डोंगर, वर पोतं, त्यावर चिखलाचा थर, हळीव पेरून काढलेली हिरवळ, पायथ्याला आरशाच्या तुकड्याचं तळं. बुरुजावर मावळे, आणि सिंहासनावरचे महाराज मात्र दरवाज्याहून उंच. माप चुकलं असं कुणीही म्हणत नाही. महाराज मोठेच!

त्या किल्ल्यामागच्या गोष्टी आमच्या पिढीला मिळाल्या त्या चित्रांतून. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'तल्या 'शिवाजी' या अंकाची संहिता कुणाची माहीत आहे? फास्टर फेणेला जन्म देणाऱ्या भा. रा. भागवतांची! चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची. एका हातात फुरसुंगीचा बन्या आणि दुसऱ्या हातात शिवाजी महाराज, असा हा लेखक.

बॉम्ब पडत होते आणि पुस्तकं निघत होती

पफिन हे मुलांच्या पुस्तकांचं लाडकं नाव. पहिली पफिन चित्रपुस्तकं आली डिसेंबर १९४० मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना. पहिल्या चारांत परीकथा एकही नव्हती. तीन पुस्तकं जमिनीवरच्या, समुद्रावरच्या आणि हवेतल्या युद्धाची, चौथं शेतावरचं. डोक्यावरून जाणारं विमान आपलं की शत्रूचं, हे तेव्हा पोरांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच वर्षी जून महिन्यात पॅरिसमधून एक जोडपं सायकलींवर बाहेर पडलं. हान्स आणि मार्गरेट रे, दोघंही जर्मन ज्यू. तयार सायकली मिळेनात म्हणून हान्सने सुटे भाग जमवून स्वतः दोन जोडल्या. नाझी फौजा शहरात शिरायला दोन दिवस उरले होते. सामानात एका खोडकर माकडाच्या गोष्टीचं हस्तलिखित. ते माकड अमेरिकेत पोचलं आणि १९४१ मध्ये 'क्युरियस जॉर्ज' म्हणून छापून आलं.

पॅडिंग्टन अस्वलाच्या गळ्यात चिठ्ठी का असते? सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या शहरांतून लाखो मुलं खेड्यांत हलवली, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात नावाची चिठ्ठी आणि हातात छोटी पेटी होती. मायकेल बाँडने ती मुलं स्टेशनवर पाहिली होती. १९५८ मध्ये त्याने अस्वल लिहिलं तेव्हा त्याच्याही गळ्यात चिठ्ठी आली. 'नार्निया'तली चार भावंडं त्या कपाटापर्यंत पोचतात तीही याच कारणाने. लंडनवर हवाई हल्ले नसते तर ती त्या म्हाताऱ्या प्रोफेसरच्या घरी गेलीच नसती.

रोआल्ड डाल? त्याचं मुलांसाठीचं पहिलं पुस्तक चॉकलेटचं नव्हे. १९४३ मधलं 'द ग्रेमलिन्स', विमानांचे स्क्रू ढिले करणाऱ्या भुतांचं. विमान बिघडलं की ब्रिटिश वैमानिक या भुतांच्या नावाने बोटं मोडायचे, आणि डाल त्यांच्यातलाच एक.

ससा मागे राहिला

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनचे नाट्यसमीक्षक आल्फ्रेड केर यांचं कुटुंब पळालं. नऊ वर्षांच्या ज्युडिथला सांगितलं, एकच खेळणं घे. 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' या पुस्तकातली मुलगी नवा लोकरी कुत्रा घेते, जुना गुलाबी ससा घरी ठेवते, आणि पुढे कायम हळहळते. पुस्तक लिहायचं कारण मोठं घरगुती आहे. ज्युडिथच्या मुलाने 'द साउंड ऑफ म्युझिक' सिनेमा पाहिला आणि म्हणाला, आता कळलं आई लहान असताना कसं होतं ते! तसं नव्हतं हे सांगायला तिने १९७१ मध्ये पुस्तकच लिहिलं.

मुलांसाठी युद्धावर लिहिताना सेनापती, नकाशे, तोफांची संख्या यांनी पानं भरता येतात, आणि काही मुलांना ते मनापासून आवडतं. पण मनात रुतून बसतो तो ससा. युद्ध म्हणजे काय हे आठ वर्षांच्या पोराला मागे राहिलेल्या खेळण्यावरून जेवढं कळतं, तेवढं दहा नकाशांवरून कळत नाही. पुढच्या तीन गोष्टी त्यासाठीच.

पहिली ॲनची. ॲन फ्रँकची लाल-पांढऱ्या चौकड्यांची वही तेराव्या वाढदिवसाची, १२ जून १९४२ ची. तिच्यात ती जिला पत्रं लिहिते ती किटी कोण? सिसी फान मार्क्सफेल्ट या डच लेखिकेच्या मुलींसाठीच्या पुस्तकमालिकेतलं ते एक पात्र! लपून बसलेल्या मुलीने आवडत्या गोष्टीच्या पुस्तकातून मैत्रीण उचलून आणली. मार्च १९४४ मध्ये रेडिओवर एका डच मंत्र्याने आवाहन केलं की रोजनिश्या जपून ठेवा, युद्धानंतर लागतील. त्यानंतर ॲनने सुट्या कागदांवर सगळं पुन्हा लिहायला घेतलं. म्हणजे आपण वाचतो त्यातला बराच भाग तिने स्वतः तपासून, घासूनपुसून ठेवलेला आहे.

दुसरी गोष्ट रुमालाची. लोइस लॉरीच्या 'नंबर द स्टार्स'मध्ये (१९८९) दहा वर्षांची ॲनमरी टोपलीतून एक पुडकं घेऊन जंगलातून धावत सुटते. वाटेत जर्मन शिपाई, त्यांचे कुत्रे. पुडकं उघडलं तर आत काय? साधा पांढरा रुमाल. कुत्रे तो हुंगतात. बस, एवढंच. पण त्या रुमालावर सशाच्या वाळलेल्या रक्ताची आणि कोकेनची पूड असते. रक्ताच्या वासाने कुत्रं नाक खुपसतं आणि कोकेनने त्याचं नाक बधिर होतं. मग होडीत लपलेल्या माणसांचा वास त्याला येत नाही. हे कल्पनेतलं नाही! १९४३ मध्ये डेन्मार्कच्या कोळ्यांनी सात हजारांवर ज्यूंना खाडीपार स्वीडनला पोचवलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी बनवलेली ही पूड लावलेले रुमाल त्यांच्या खिशांत होते. जाता जाता एक गैरसमज: डेन्मार्कचा राजा ज्यूंसाठी स्वतः पिवळा तारा लावून फिरला, ही गोष्ट खरी नव्हे. तिथल्या ज्यूंवर तारा लावायची सक्तीच झाली नव्हती. राजा रोज घोड्यावरून, एकही शरीररक्षक न घेता, राजधानीतून फेरी मारायचा, हे मात्र अगदी खरं.

तिसरी कागदी बगळ्यांची. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सदाको सासाकी दोन वर्षांची होती. १९५५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली तेव्हा बारा. एलिनॉर कोअरच्या प्रसिद्ध पुस्तकात तिने घडवायला घेतलेल्या हजार कागदी बगळ्यांपैकी ६४४ होतात आणि बाकीचे मैत्रिणी पुरे करतात. प्रत्यक्षात सदाकोने स्वतःच हजाराचा आकडा ओलांडला होता, असं तिच्या भावाने सांगितलं आहे. कागद पुरेना तेव्हा औषधांची वेष्टनं घेतली.

हत्ती, आणि नेहरूंचं उत्तर

जपानमधली ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त हलवते, म्हणून इथे थोडं थांबू.

१९४३ च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयाला हुकूम आला: हवाई हल्ल्यात पिंजरे तुटले तर धोका, सगळे मोठे प्राणी मारून टाका. तीन हत्ती होते. विष घातलेले बटाटे ते सोंडेने बाजूला टाकायचे. कातडीत सुई जाईना. शेवटी त्यांचं अन्नपाणी तोडलं. माणूस दिसला की ते भुकेले जीव शिकवलेले खेळ करून दाखवायचे, खायला मिळेल या आशेने. युकिओ त्सुचिया यांनी १९५१ मध्ये ही गोष्ट मुलांसाठी लिहिली आणि ती जपानच्या घराघरांत पोचली. पुस्तकात वरून बॉम्ब पडत असतात. इतिहासकारांनी पुढे दाखवून दिलं की हत्ती मेले तेव्हा टोकियोवरचे मोठे हल्ले सुरू व्हायला अजून वर्ष बाकी होतं.

युद्ध संपलं तेव्हा नागोया शहरात मात्र दोन हत्ती जिवंत राहिले होते. त्यांना बघायला मुलांसाठी खास 'हत्ती गाडी' सोडली जायची! टोकियोच्या मुलांना आपला हत्ती हवा होता. त्यांनी भारताचे पंतप्रधान नेहरू यांना शेकडो पत्रं लिहिली. १९४९ च्या सप्टेंबरात म्हैसूरहून एक हत्तीण बोटीने टोकियोला पोचली, नाव इंदिरा. तिला समजायची ती कानडी, त्यामुळे जपानी माहुतांना आधी कानडी हुकूम शिकावे लागले. ती १९८३ पर्यंत जगली.

वाड्यात राहणारी पुस्तकं

येल्ला लेपमान हे नाव लक्षात ठेवा. स्टुटगार्टची ज्यू पत्रकार; नाझींमुळे देश सोडला आणि १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याची सल्लागार म्हणून परतली. जर्मन मुलांना अन्नाइतकीच पुस्तकं हवीत, असा तिचा आग्रह. पैसे नव्हतेच. तिने वीस देशांना पत्रं लिहिली: तुमच्या मुलांची चांगली पुस्तकं पाठवा. बेल्जियमने नकार दिला. बरोबरच होतं, जर्मनीने त्यांच्यावर दोनदा चाल केली होती. लेपमानबाईंनी पुन्हा लिहिलं की तिसऱ्यांदा ती वेळ येऊ नये म्हणूनच तर मागते आहे. बेल्जियमची पुस्तकं आली!

१९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरलं, तेही हिटलरने आपल्या पसंतीच्या कलेसाठी बांधून घेतलेल्या इमारतीत. पुढे प्रदर्शन बर्लिनला गेलं तेव्हा बाईंनी 'फर्डिनांड' या बैलाची गोष्ट स्वतः जर्मनमध्ये आणली आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३०,००० प्रती छापून पोरांना फुकट वाटल्या. न लढता झाडाखाली फुलं हुंगत बसणारा हा बैल स्पेनची यादवी पेटली त्याच वर्षी, १९३६ मध्ये, मन्रो लीफच्या पुस्तकातून आला होता. फ्रँकोच्या स्पेनमध्ये त्यावर बंदी आली, हिटलरच्या जर्मनीत तो जाळला गेला. आणि त्याच जर्मनीत पोरांनी तो खिशात घालून घरी नेला.

लेपमानबाईंचं ग्रंथालय १९४९ मध्ये म्युनिकला उभं राहिलं. १९८३ पासून ते ब्लुटेनबुर्ग नावाच्या खऱ्याखुऱ्या तटबंदीच्या वाड्यात आहे. बुरुज आहेत, खंदक आहे, आत जगभरच्या मुलांची पुस्तकं. लेपमानबाईंच्याच कल्पनेवरून एरिक केस्टनरने 'प्राण्यांची परिषद' लिहिली: माणसं शांतता करत नाहीत म्हणून प्राणी जगातली सगळी मुलं पळवून नेतात! या केस्टनरची पुस्तकं नाझींनी १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात जाळली, तेव्हा तो गर्दीत उभा राहून पाहत होता.

वॉर्सा ते वळिवडे

पोलंडच्या यानुश कोर्चाकने एका बालराजाची गोष्ट लिहिली. छोटा राजा माचुश वेश बदलून साधा शिपाई म्हणून आघाडीवर पळून जातो. कोर्चाक डॉक्टर, आणि वॉर्सातल्या अनाथाश्रमाचा चालक. १८ जुलै १९४२ रोजी, ज्यूंच्या कोंडवाड्यात, त्याच्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक केलं. ऑगस्टमध्ये नाझी मुलांना न्यायला आले. कोर्चाक सोबत गेला आणि परतला नाही.

त्याच पोलंडची पाचेक हजार माणसं, बहुतेक बाया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, बालवीर पथक, सगळं तिथे होतं. पंचगंगेकाठी पोलिश पोरं पाढे म्हणत होती.

आता परत असईला जाऊ, कारण तिथली एक गोष्ट सांगायची राहिली. २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, एक वरूड, दुसरं पिंपळगाव. मग तो म्हणाला, समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधून ये-जा असणारच. उतार निघाला आणि लढाई फिरली. त्या पाण्यातून रोज गुरं नेणाऱ्या पोरांना तो उतार आधीच माहीत असणार! त्या दिवशी त्यांनी काय पाहिलं, गुरं कुठे नेली, घरात काय मागे राहिलं? हे सांगणारं पुस्तक मला मराठीत वाचायचं आहे. जालना-भोकरदनकडचं कुणी हे वाचत असेल, तर नदी तुमच्याच गावची आहे. लिहा.